जवान थबकले असता

"मास्तर, हे कुणी लिहिलं?"

नाडगौडा साहेब काठी टेकत ऑफिसच्या तंबूत शिरले आणि बसायच्या आधीच त्यांनी हातातला कागद माझ्या टाइपरायटरवर ठेवला. मी उठून सलाम ठोकला. खरं तर मिठीच मारावीशी वाटत होती. दोन महिन्यांपूर्वी या माणसाला स्ट्रेचरवरून नेताना मी पाहिलं होतं. मांडीतून रक्त गळत होतं, ओठ पांढरेफटक पडले होते, आणि डॉक्टर साहेबांनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली होती. चोवीस वर्षांचं पोर! आज काठीच्या आधाराने का होईना, स्वतःच्या पायावर उभं होतं.

"साहेब, आधी बसा तरी. चहा सांगतो."

"चहा राहू दे. कुणी लिहिलं हे?"

कागद मी ओळखला होताच. माझाच होता, मी का नाही ओळखणार? लेफ्टनंट रवींद्र नाडगौडा यांना वीरचक्र मिळावं म्हणून पलटणीच्या प्रमुखांच्या, म्हणजे सीओ साहेबांच्या सहीने वर गेलेली शिफारस. आम्ही त्याला सायटेशन म्हणायचो.

तेव्हा मी पलटणीत हवालदार क्लार्क होतो, लिहिणारा माणूस म्हणून सगळे मला मास्तर म्हणायचे. एकाहत्तरची लढाई थांबली होती, पण आम्ही अजून सीमेवरच तंबू ठोकून बसलो होतो. लढणारे लढतात, पण लढाई कागदावर आणायची ती माझ्यासारख्याने. सायटेशन इंग्रजीत लिहायचं असतं आणि त्याची एक ठराविक भाषा असते. जुन्या फायलींतली चांगली चांगली वाक्यं मी एका वहीत उतरवून ठेवली होती. स्वतःच्या जिवाची तमा न बाळगता. गोळ्यांचा वर्षाव होत असताना. आणि माझं सगळ्यात आवडतं म्हणजे, जवान क्षणभर थबकले असता. बाकीचे थांबले असं म्हटलं की एकटा पुढे गेलेला कसा उठून दिसतो! वरच्या साहेब लोकांना ते पसंत पडायचं. पासष्टच्या लढाईतही मी ते वाक्य वापरलं होतं आणि कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

"मीच लिहिलं, साहेब," मी म्हणालो. जरा ऐटीतच म्हणालो, कशाला खोटं बोलू. "काही चुकलं का?"

साहेबांनी स्टूल ओढलं आणि पाय लांब करून बसले.

"त्या बंकरमधली मशीनगन मी बंद पाडली, असं लिहिलंयस तू."

"हो साहेब."

"मी नाही पाडली. मी चाळीस पावलं अलीकडेच पडलो होतो. मांडीत गोळी लागली आणि पडलो. शेडगे माझ्या मागे होता. तो माझ्या अंगावरून पुढे गेला. जाताना काय म्हणाला माहितीये? 'साहेब, तुम्ही पडून ऱ्हावा, मी बघतो.' घरातल्या घरात काही काम असावं तसं म्हणाला. मग सरपटत गेला, बॉम्ब आत टाकला, गन बंद झाली. परत फिरताना दुसऱ्या बंकरमधून त्याला लागलं. हे मी डोळ्यांनी बघितलंय मास्तर. बेशुद्ध त्याच्या नंतर झालो."

लान्सनाईक यशवंत शेडगे. आमच्या साताऱ्याकडचाच, मेढ्याच्या वरच्या अंगाच्या कोळेवाडीचा. त्या हल्ल्यात साहेबांबरोबर गेलेल्या दहा जवानांच्या तुकडीचा कमांडर. त्याच्या घरी गेलेली तारही मीच लिहिली होती.

"मग तुझे साक्षीदार काय म्हणाले?" साहेबांनी विचारलं.

आता काय सांगणार? साक्षीदार होते तीन जवान. पहाटेचं दाट धुकं, वर धूर. ते म्हणाले, आधी साहेब गेले, मग शेडगे गेला, मग बॉम्ब फुटला. त्यातला एक जण तर दोनदा म्हणाला, "शेडगेच असंल, मास्तर." पण शिफारशीची यादी संध्याकाळपर्यंत जायची होती. साहेब आज जातात की उद्या, असं सगळे म्हणत होते. पोराच्या आईबापांच्या हातात निदान पदक तरी पडावं, असं मला वाटलं. शिवाय जवानाची शिफारस पुढे करायला बघितलेला अधिकारी लागतो, आणि बघितलेला एकच अधिकारी होता, तो दवाखान्यात बेशुद्ध. मी त्या जवानाला म्हणालो, "आधी साहेबच गेले ना? मग झालं तर." तिघांचे जबाब मी इंग्रजीत टाइप केले आणि तिघांनी खाली सह्या केल्या. इंग्रजी त्यांतल्या एकालाही येत नव्हतं.

यातलं निम्मंशिम्मं मी साहेबांना सांगितलं. त्यांनी डोकं धरलं.

"चल, कागद चढव. मी सांगतो ते टाइप कर."

मी कागद चढवला. साहेब सांगत गेले, मी टाइप करत गेलो. दीड पान झालं. त्यात माझ्या वहीतलं एकही वाक्य नव्हतं. पदक आपल्याला नको, लान्सनाईक शेडगेला मरणोत्तर द्यावं, घडलेलं आपण स्वतः पाहिलं आहे, असं शेवटी होतं. त्यांनी सही केली, तारीख घातली.

"सीओ साहेब डिव्हिजनला गेलेत आणि मला दुपारच्या गाडीने सिक लीव्हवर जायचंय. ते आले की हा कागद पहिल्यांदा त्यांच्यापुढे. कळलं?"

"जी साहेब."

"शेडगेचा बाप जुना हवालदार आहे मास्तर. बर्मात लढलेला. त्याला कळायला पाहिजे, आपल्या पोराने काय केलं ते."

"जी साहेब, निश्चिंत जावा."

एप्रिलमध्ये पलटण माघारी छावणीत आली. सीओ साहेबांची बदली झाली, नवे आले. आणि एके दिवशी यादी जाहीर झाली. लेफ्टनंट नाडगौडा, वीरचक्र. पलटणीत नुसता जल्लोष! साहेब रजा संपवून नुकतेच हजर झाले होते, जवानांनी त्यांना खांद्यावर घेऊन मैदानभर नाचवलं. संध्याकाळी ते माझ्या ऑफिसात आले. गळ्यात हार तसाच होता.

"मास्तर, माझ्या त्या कागदाचं काय झालं?"

"वरनं काही उत्तर आलं नाही, साहेब."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी रजिस्टरात बघत राहिलो.

"बरं," ते म्हणाले आणि गेले.

मे महिन्यात मी गावी रजेवर होतो. तिथे साहेबांचा निरोप आला. कोळेवाडीच्या लोकांनी त्यांचा सत्कार ठेवला होता. आपला यशवंत ज्या साहेबांबरोबर लढता लढता गेला, ते साहेब गावात यावेत अशी लोकांची इच्छा होती. तू त्या भागातला आहेस, बरोबर चल, असं साहेबांनी लिहिलं होतं. दोन दिवसांनी सकाळी त्यांनी मला फाट्यावरून जीपमध्ये घेतलं. वाटेत काहीबाही बोलत होतो.

कोळेवाडीत घरटी एक माणूस फौजेत. शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता आणि पुढच्या ओळीत पेन्शनर मंडळी छातीवर पदकं लावून ताठ बसली होती. मधोमध यशवंतचे वडील, रामजी हवालदार. साठी उलटलेला माणूस, पण मिशा अशा पिळदार की बघत राहावं. साहेब दिसताच त्यांनी उठून असा सलाम केला की आमच्या नव्या भरतीच्या पोरांना नेऊन दाखवावा.

हार झाले, नारळ झाले, भाषणं झाली. मग शाळेचे गुरुजी उभे राहिले. वर्तमानपत्रात छापून आलेलं सायटेशनचं मराठी त्यांनी कापून आणलं होतं. गुरुजींचा आवाज खणखणीत. एकेक शब्द लांबवून वाचत होते.

"शत्रूच्या मशीनगनच्या भडिमारापुढे तुकडीतील जवान क्षणभर थबकले असता, लेफ्टनंट नाडगौडा स्वतःच्या जिवाची तमा न बाळगता एकटे पुढे सरसावले..."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवायला हात उचलले, आणि माझं लक्ष पुढच्या ओळीकडे गेलं. पेन्शनर मंडळी टाळ्या वाजवत नव्हती. बायाबापड्यांना त्या वाक्यात काही कळलं नसेल, पण त्या म्हाताऱ्यांनी जन्मभर असली सायटेशनं परेडला उभं राहून ऐकली होती. एकाने रामजी हवालदारांकडे हळूच बघितलं आणि मान फिरवली. रामजी हवालदार मात्र समोर बघत ताठ बसून होते.

मी उचललेले हात खाली घेतले. आपण काय लिहून बसलोय ते मला तेव्हा, त्या मांडवात कळलं. तोवर कळलंच नव्हतं, देवाशपथ.

सत्कारानंतर चहाला त्यांच्याच घरी जायचं होतं. ओसरीवर घोंगडं टाकलेलं. साहेब, मी, गुरुजी आणि तीनचार पेन्शनर. यशवंतची बायको सरू चहा ठेवून दाराशी उभी राहिली. तिचा धाकटा दीर, अठरा-एकोणीस वर्षांचा तगडा गडी, खांबाला टेकून होता. येत्या भरतीला जाणार आहे, गुरुजी सांगत होते.

रामजी हवालदारांनी बशी खाली ठेवली.

"साहेब, याक इचारू का? रागावू नका."

"विचारा ना बाबा."

"थबकली ती तुकडी. तिचा कमांडर आमचा यशवंतच व्हता न्हवं?"

साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी कप खाली ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायला लागले.

"बाबा, तो थबकला नाही. कुणीच थबकलं नाही. मी पडलो होतो. यशवंत माझ्या अंगावरून पुढे गेला आणि त्याने गन बंद केली. हे पदक त्याचं आहे, माझं नाही. त्या कागदात लिहिलंय ते सगळं चूक आहे."

मला वाटलं, सुटलो. सांगून टाकलं साहेबांनी, आता काय ते होऊ दे.

पण रामजी हवालदार हसले. असं दुखरं हसणं मी पुन्हा कधी बघितलं नाही. त्यांनी पुढे होऊन साहेबांचा हात दोन्ही हातांत घेतला.

"लई उपकार झालं, साहेब. मीबी पलटणीत व्हतो. चांगला साहेब आपल्या मेलेल्या मानसाला झाकतो. आमच्या साहेबानं बर्मात आसंच केल्यालं, एका पोराच्या बापाला आसंच सांगिटल्यालं. पोरगं माघारी पळताना मेल्यालं, ह्ये आमाला म्हाईत व्हतं."

"अहो बाबा, मी झाकत नाहीये! शपथेवर सांगतो. मी तसा कागद लिहून दिलाय."

"मग सरकारनं काय केलं त्या कागदाचं?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं.

"या मास्तरांनीच टाइप केलाय तो. विचारा त्यांना."

म्हाताऱ्याने मान वळवली. त्या डोळ्यांत एवढी आशा होती, काय सांगू! एका शब्दावर टपून बसलेला माणूस. साहेबांवर त्यांचा विश्वास बसत नव्हता, कारण साहेब मोठ्या मनाचे. माझ्यावर बसला असता. क्लार्क माणूस मन मोठं करून खोटं बोलत नाही, हे फौजेतल्या जुन्या माणसाला पक्कं ठाऊक असतं.

"मास्तर, दिला व्हता का सायबांनी तसा कागद? आन वर गेला का?"

कागद वर गेलाच नव्हता.

त्या दिवशी साहेबांची गाडी सुटली आणि मी तो कागद पुन्हा वाचला. हा सीओ साहेबांपुढे ठेवला की पहिला प्रश्न येणार, मग या तीन जवानांनी असे जबाब दिले कसे? जवान सांगणार, आम्हाला काय ठाऊक, मास्तरांनी लिहिलं, आम्ही सही केली. नायब सुभेदारीसाठी माझं नाव वर गेलेलं होतं. चौकशी लागली असती तर बढती सोडाच, बाहीवरच्या हवालदारीच्या पट्ट्यांवर आलं असतं. आठवडाभर राहू दे, म्हटलं. मग महिना झाला. पलटणीची अब्रू, साहेबांचं भलं, असलं मी मनाला पुष्कळ सांगितलं. पण खरं सांगतो, मला भीती होती ती माझीच. कागद माझ्या ट्रंकेत तळाला होता.

आणि आता हा म्हातारा विचारत होता. हो म्हणालो तर पुढचा प्रश्न येणार, मग कुठं गेला? साहेबही समोरच बसलेले.

"बाबा," मी म्हणालो, "लढाईच्या दिवसांत कागद शेकड्याने असतात. नेमकं काही ध्यानात नाही. सरकार चौकशी करूनच पदक देतं."

रामजी हवालदारांनी हळूहळू मान हलवली. त्यांना त्यांचं उत्तर मिळालं.

"मग आमचं मालक पुढं गेलंच न्हवतं का?" दारातून सरूने विचारलं. कुणाला विचारलं कोण जाणे. मग ती आत गेली.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. आता हे उसळणार, माझी गचांडी धरणार, असं वाटलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. पण ते नुसते उठले, टोपी घातली, म्हाताऱ्याच्या पाया पडले आणि काठी टेकत जीपकडे गेले.

परतीच्या वाटेवर साहेब स्वतः गाडी चालवत होते. घाट उतरल्यावर मलाच राहवेना.

"साहेब, मला शिव्या घाला. पण बोला काहीतरी."

"कागद गेलाच नाही ना?"

"नाही साहेब."

"मला ठाऊक होतं."

मी चमकलो. "कधीपासून?"

"यादी लागली त्या संध्याकाळपासून. तू मान वर केली नाहीस तेव्हाच." त्यांनी गियर बदलला. "तेव्हा मी पुढे विचारायला हवं होतं. जुन्या सीओ साहेबांना एक फोन केला असता तरी पुरे होतं. नाही केला. गळ्यात हार होता मास्तर, घरून तार आली होती, वडिलांनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले होते. मी स्वतःला म्हणालो, आपण लिहून दिलंय, आपलं काम झालं. वरच्यांनी ठरवलं." मग म्हणाले, "मलाही ते हवं होतं रे."

तोवर मी समजत होतो की या पापात मी एकटा आहे. जोडीदार मिळाला म्हणून माझा जीव भांड्यात पडायला हवा होता. उलट फारच वाईट वाटलं. या पोराला मी देव मानत होतो.

"साहेब, अजून वेळ गेलेली नाही," मी म्हणालो. "पदक अजून हातात पडलेलं नाही, ते द्यायचा समारंभ लांब आहे. कागदावर तुमची तारीख आहे, सही आहे. माझं व्हायचं ते होऊ दे. पाठवू?"

हे मी मनापासून म्हणालो. त्यांनी 'पाठव' म्हटलं असतं तर मी रजा मोडून दुसऱ्याच दिवशी पलटणीत गेलो असतो.

फाटा आला. साहेबांनी जीप थांबवली, पण इंजिन बंद केलं नाही. रस्त्यावर ऊन रणरणत होतं.

"बघू," ते म्हणाले. "रजेवरून ये आधी. मग बघू."

"जी साहेब," मी म्हणालो, आणि उतरलो.

किती हलकं वाटलं मला ते 'बघू' ऐकून, हे सांगायला आज लाज वाटते.

रजा संपवून मी हजर झालो. साहेब रोज ऑफिसात यायचे, डाक बघायचे, सह्या करायचे. मी वाट बघायचो, ते विचारतील. ते वाट बघत असतील, मी विषय काढीन. समारंभाची तारीख आली आणि गेली. मी नायब सुभेदार झालो. साहेबांनी माझ्या खांद्यावर स्वतःच्या हातांनी फीत लावली आणि म्हणाले, "अभिनंदन, मास्तर." मी म्हणालो, "आपली कृपा, साहेब."

त्या वर्षीच्या भरतीत कोळेवाडीची सात पोरं आली. यादी माझ्याच हातात होती. शेडगेंचा धाकटा त्यात नव्हता. गावातल्या एका पोराला विचारलं तर म्हणाला, "बाबांनी नगं म्हटलं. म्हणले, आपल्या घराला ते जमायचं न्हाई."

आपल्या घराला! चाळीस पावलं सरपटत जाऊन ज्या घरातल्या पोराने ती गन बंद केली, त्या घराला.

रामजी हवालदार चार वर्षांनी गेले. साहेब कर्नल होऊन निवृत्त झाले, ते परवाच्या श्रावणात गेले. सरूबाई आहेत अजून, कोळेवाडीतच असतात, असं ऐकतो. मी शहाऐंशी वर्षांचा आहे, गुडघे गेलेत, पण नातू मोटारीने तिकडे नेतो म्हणतो. तासाभराचा रस्ता आहे. गेले सहा महिने तो मला विचारतोय, आजोबा, कधी निघायचं? आणि गेले सहा महिने मी त्याला सांगतोय, बघू.